ईसीजीवर उमटलेला मेंदू : वडोदऱ्यातील एका प्रकरणाचा अभ्यास

रुग्ण ६४ वर्षांच्या बाई. निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजारात तीन पिढ्यांपासून राहणारं मराठी घर. दहा वर्षांपासून रक्तदाब, त्यासाठी रोज ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. मधुमेह नाही, छातीचं दुखणं कधी नाही. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांत जे दिसतं ते जुळवून शिकवण्यासाठी रचलं आहे, म्हणून नावं नाहीत. आकडे मात्र खाटेजवळच्या कागदावर दिसतात त्याच पट्ट्यातले आहेत.

गणपतीचा पाचवा दिवस. सकाळी ९.४० च्या सुमारास मोदक वळताना डाव्या तळव्यावरची पारी घसरून परातीत पडली. बाईंनी ती उजव्या हाताने उचलली, मोडून उकडीत मिसळली आणि काम चालू ठेवलं. तक्रार काही केली नाही. साडेबाराला पानं वाढली. सुनेच्या लक्षात आलं की सासूबाईंनी वरण-भात, भाजी संपवली, पण पानाची डावी बाजू जशीच्या तशी आहे. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, कशाला हात लागलेला नाही. वर बाईच विचारतात, "आज लिंबू वाढायचं राहिलं का गं?"

"आई, डावा हात वर करा बघू."

उजवा हात वर गेला. "केला की. मला काय धाड भरलीय!"

तोंड किंचित वाकडं दिसत होतं, अंगाला दरदरून घाम होता. घरच्यांनी घामावर बोट ठेवलं आणि गाडी हृदयाच्या रुळावर गेली. जवळच्या डॉक्टरांकडे दीड वाजता नाडी १०८, रक्तदाब १९६/१०४, ईसीजीत व्ही-३ ते व्ही-६ मध्ये एसटी किंचित खाली. 'हार्ट अटॅक' असं चिठ्ठीवर लिहून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली गेली. गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तास मिळतात. पारी पडली तो क्षण धरला तर ही मुदत २.१० ला संपली. तेव्हा बाई रुग्णवाहिकेत होत्या, छातीवर ईसीजीचे तुकडे चिकटवलेल्या.

रुग्णालयात पोहोचल्या २.४० ला. उलटी झाली म्हणून ओंडान्सेट्रॉन ८ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-टी, ८६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आलं. निरोगी माणसात १४ च्या आत असतं. ॲस्पिरिन ३०० आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम तोंडाने दिल्या, रक्त गोठू न देणारं हेपारिन लिहिलं. ते सिरिंजमध्ये भरायच्या आत, रक्तदाबाची पट्टी बांधताना डावा हात लाकडासारखा खाली पडला, हे परिचारिकेने पाहिलं. तिने ते मोठ्याने सांगितलं आणि हेपारिन थांबलं. सीटी झाला ३.३५ ला.

इथवर तीन चुका झाल्या होत्या. गिळण्याची चाचणी न करता चेहरा वाकडा असलेल्या रुग्णाला गोळ्या दिल्या. मेंदूत रक्तस्राव नाही हे कळायच्या आत दोन रक्त पातळ करणारी औषधं गेली. आणि 'दुखतंय का?' या प्रश्नाला आलेलं 'नाही' खरं मानून कोणी हातापायांची ताकद तपासली नाही. तिसऱ्या चुकीकडे पुन्हा यावं लागेल, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

सीटीत रक्तस्राव नव्हता. उजव्या बाजूच्या इन्सुलाची करडी किनार मात्र पुसली गेली होती. इन्सुला म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, कॉर्टेक्सचा, आत दुमडलेला भाग. कपाळाकडचा आणि कानाकडचा खंड हलक्या हाताने बाजूला केले तरच तो दिसतो. मधल्या प्रमस्तिष्क धमनीच्या एम-२ फांद्या त्यावरून जातात आणि त्याला रक्त पुरवतात. अँजिओग्राफीत मुख्य खोड उघडं होतं, वरच्या भागाकडे जाणारी एक दूरची बारीक फांदी बंद होती. तार घालून गुठळी ओढण्याजोगं ते ठिकाण नव्हतं. पक्षाघाताच्या तीव्रतेचे गुण ९ : चेहरा, डावा हात, थोडा पाय, अडखळती वाचा आणि डाव्या बाजूचं भान हरपणं.

आता एकाच रुग्णाच्या दोन फाइली झाल्या. मेंदूवाल्यांच्या मते हा पक्षाघात आणि हृदयाचं जे दिसतं ते त्याचं पिल्लू. हृदयवाल्यांच्या मते आधी हृदयाचा झटका, त्यातून निसटलेली गुठळी मेंदूत. दोन्ही शक्य आहेत आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या मुळावर येतात. हृदयाच्या झटक्यासाठी हेपारिन आणि दोन प्लेटलेटविरोधी औषधं दिली, तर ताज्या मेलेल्या मेंदूत रक्त झिरपण्याची भीती. मेंदूसाठी रक्तदाब चढा ठेवला, तर थकलेल्या हृदयावर ताण. म्हणून निदानाचा वाद तात्त्विक नव्हता. त्याच संध्याकाळी त्याचा निकाल लागायला हवा होता.

निकालाला उपयोगी पडली ती एका रांगेत ठेवलेली साधी रक्ततपासणी. साखर २१८, पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ५.८. पांढऱ्या पेशी १३,४००, पण शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी ४ आणि ताप नाही. पोटॅशियम ३.२. वेगवेगळं वाचलं तर हे तीन आजार : नवा मधुमेह, जंतुसंसर्ग, क्षारांची कमतरता. प्रत्यक्षात आपत्कालीन विभागाच्या कागदावर मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि प्रतिजैविक लेव्होफ्लॉक्सासिन लिहून झालंही होतं. एकत्र वाचलं तर तिन्हींमागे एकच हात दिसतो. ॲड्रीनॅलिन यकृतातून साखर बाहेर काढतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात ढकलतं आणि पेशींवर संदेश पकडणाऱ्या बीटा-२ ग्राहकांमार्फत पोटॅशियम रक्तातून पेशींच्या आत लोटतं. घाम, १०८ ची नाडी, १९६ चा दाब हेही त्याच पंगतीतले. शरीरात सिंपथेटिक चेतासंस्थेचा, म्हणजे अनुकंपी संस्थेचा, पूर आला होता.

हा पूर मेंदूतून कसा येतो, हे इथे नीट मांडायला हवं. पाठ्यपुस्तकातलं चित्र बहुधा हायपोथॅलॅमसपासून सुरू होतं, जणू त्याच्या वर कोणी नाहीच.

खालून वर जाऊ. हृदयाला जाणाऱ्या अनुकंपी तंतूंचा उगम मज्जारज्जूच्या छातीकडच्या वरच्या चार-पाच खंडांत, बाजूच्या शिंगातल्या पेशींत असतो. तिथून ते मानेच्या तळाशी असलेल्या ताराकृती गंडिकेत येतात आणि पुढे हृदयाच्या स्नायूत पसरतात. ॲड्रीनल ग्रंथीच्या गाभ्याला मात्र मज्जारज्जूतले तंतू मध्ये न थांबता थेट जातात. म्हणूनच तो गाभा म्हणजे तंतू नसलेली एक अनुकंपी गंडिकाच, असं म्हणतात. त्यातून सुटणाऱ्या द्रवात सुमारे ८० टक्के ॲड्रीनॅलिन असतं, उरलेलं बहुतांश नॉरॲड्रीनॅलिन. मज्जारज्जूतल्या या पेशींना सतत हाकणारा सारथी लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूखोडाच्या सर्वांत खालच्या तुकड्याच्या, पुढच्या-वरच्या भागात बसतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबमापक चेतांकडून 'दाब वाढला' असा निरोप आला की लंबमज्जेतलाच दुसरा गट या सारथ्याचा लगाम खेचतो. इथवरचं सगळं कॉर्टेक्सशिवायही चालतं.

कॉर्टेक्सचं काम त्या लगामाची लांबी ठरवण्याचं. इन्सुलाच्या मागच्या भागात शरीराच्या आतल्या बातम्या पोहोचतात : हृदयाचे ठोके, पोटाची ओढ, वेदना, ऊब, भरलेलं मूत्राशय. पुढच्या भागाकडे सरकता सरकता त्या बातम्यांना भावनेचा आणि अर्थाचा रंग चढतो. इन्सुलातून खाली जाणारे तंतू अमिग्डला, हायपोथॅलॅमसचा बाजूचा भाग, मेंदूखोडातलं पॅराब्रॅकियल केंद्रक आणि लंबमज्जेतलं ते केंद्रक, जिथे दाबमापकांचा निरोप पहिल्यांदा उतरतो, अशा सगळ्या पायऱ्यांवर जाऊन बोलतात. म्हणजे इन्सुला निरोपही ऐकतो आणि निरोपाचं किती मनावर घ्यायचं हेही सुचवतो.

इन्सुला एकटा नाही. २०१६ मध्ये पिट्सबर्गच्या डम, लेव्हिन्थल आणि स्ट्रिक यांनी माकडांच्या ॲड्रीनलच्या गाभ्यात रेबीजचा विषाणू टोचून तो चेतापेशींच्या साखळीतून उलट्या दिशेने मेंदूत कुठवर चढतो ते पाहिलं. सर्वांत मोठा वाटा हालचाल घडवणाऱ्या कॉर्टेक्सचा निघाला, विशेषतः धड हलवणाऱ्या भागाचा. शिवाय दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीवरचे, भावनांशी जोडलेले पट्टेही त्यात होते. उभं राहायचा नुसता बेत केला तरी नाडी का चढते, याचा अर्थ त्यातून लागतो. हालचालीचा हुकूम आणि तिच्यासाठी लागणाऱ्या रक्ताचा हुकूम जवळजवळ एकाच कचेरीतून सुटतात. या बाईंच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण त्यांच्या मेंदूतला डाग इन्सुलावर न थांबता शेजारच्या कपाळाच्या कडेवरही पसरला होता.

डावं-उजवं काय, हा प्रश्न नेहमी येतो. १९९२ मध्ये ओपनहायमर आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या पाच रुग्णांत शस्त्रक्रियेदरम्यान इन्सुलाला विजेचा हलका स्पर्श दिला. उजवीकडे नाडी आणि दाब चढण्याकडे कल होता, डावीकडे उतरण्याकडे. त्याच वर्षी हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांत मधली प्रमस्तिष्क धमनी बंद केली. उजवीकडे बंद केल्यावर रक्तातलं नॉरॲड्रीनॅलिन आणि दाब अधिक चढला. इथे चलाख वाचक अडेल. उजव्याला चेतवल्यावर सिंपथेटिक वाढतं, तर उजवा मेल्यावर ते कमी व्हायला हवं. दोन्हीकडे वाढतं कसं? इन्सुला हा एका कामाचा खटका नाही, हे उत्तराचं एक अंग. त्यात चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या जागा शेजारी शेजारी आहेत, दाबमापकांच्या निरोपाला वजन देणाऱ्या पेशीही तिथेच. मेलेल्या भागाभोवती अर्धपोटी जगणाऱ्या पेशी काही तास, काही दिवस उगाच पेटत राहतात, हे दुसरं अंग. विजेचा स्पर्श आणि पक्षाघात ही एकमेकांची उलट बाजू नव्हे. डाव्या इन्सुलाच्या पक्षाघातानंतरही हृदयावरचा अनुकंपी ताण वाढलेला आढळला आहे. तेव्हा 'उजवा म्हणजे धोका, डावा म्हणजे निर्धास्त' हे सूत्र खाटेजवळ वापरू नये. इन्सुला गेला आहे एवढं कळलं की हृदयाची लय दाखवणारा पडदा (मॉनिटर) चालू ठेवायचा, बाजू कुठलीही असो.

मग हृदयात काय होतं? धमनी बंद झाली की तिच्या हद्दीतला स्नायू मरतो. अनुकंपी पुरात धमन्या उघड्या असतात, पण चेतांच्या टोकांशी नॉरॲड्रीनॅलिन आणि रक्तातून ॲड्रीनॅलिन एवढं सांडतं की पेशींत कॅल्शियम कोंबलं जातं आणि स्नायूतंतू आखडलेल्या अवस्थेतच अडकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आडवे पट्टे दिसतात. हे नुकसान चेतांच्या आणि ग्राहकांच्या नकाशाप्रमाणे पसरतं, धमन्यांच्या नकाशाप्रमाणे नव्हे. हृदयाच्या टोकाकडे बीटा ग्राहक दाट असतात, म्हणून टोक अनेकदा आधी बसतं आणि फुगतं. याच आकारावरून १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याला ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं नाव दिलं, ताकोत्सुबो. मेंदूच्या झटक्यात ईसीजीवर खोल उलटे टी आणि लांबलेला क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ, दिसतो, हे त्याहून जुनं ज्ञान. बर्च आणि सहकाऱ्यांनी ते १९५४ मध्येच लिहून ठेवलं.

संध्याकाळी सहा वाजता केलेल्या इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, हा नकाशा दाखवला. डाव्या जवनिकेचा, म्हणजे रक्त शरीराकडे ढकलणाऱ्या कप्प्याचा, मधला आणि टोकाचा भाग चारही बाजूंनी मंद, बुंध्याचा भाग जोमाने आकसणारा, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्यात कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते प्रमाण, ३८ टक्के. एवढा मोठा भाग कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही. ट्रोपोनिन तीन तासांनी १४२ वर गेलं आणि दुसऱ्या दिवशी ७० वर उतरलं. चढ-उतार झटक्यासारखाच, पण एवढा स्नायू खरोखर मेला असता तर आकडा कित्येक पटींनी मोठा असता. हृदयाचं दुखणं मोठं आणि ट्रोपोनिन लहान, ही विसंगती हा या निदानाचा चांगला पुरावा. एकटं ट्रोपोनिन काही सांगत नाही.

छातीत दुखत नाही, हा मुद्दा मात्र निदानाच्या बाजूने मोजला नाही. शरीरातली वेदना आणि अस्वस्थता जाणणारा भागच इथे मेला आहे. ज्या बाईंना आपला डावा हात पडल्याचं कळत नाही, त्यांच्या 'मला काही होत नाही' या वाक्याला साक्षीपुराव्याचं मोल किती द्यायचं? इन्सुलाच्या रुग्णात हृदयाचा खरा झटकाही मुकाट्याने येऊ शकतो. म्हणून संशय पूर्ण मिटवला नाही, पुढे ढकलला. धमन्या पाहायच्या, पण मेंदू सावरल्यावर, आणि सीटीने.

ठरलं ते असं. हेपारिन नाही. क्लोपिडोग्रेल पुढे नाही. पक्षाघातात दोन औषधांची जोडी सौम्य रुग्णांसाठी असते, ९ गुणांच्या नाही. ॲस्पिरिन ७५ रोज. ५-५ मिलिलिटर पाण्याने गिळण्याची चाचणी केली, तिसऱ्या चमच्याला ठसका लागला, म्हणून औषधं नाकातल्या नळीतून. पायांत गुठळी होऊ नये म्हणून हवेने दाबणाऱ्या पट्ट्या पहिल्या रात्रीपासून. साखर १४० ते १८० मध्ये ठेवण्यापुरतं इन्सुलिन. मेटफॉर्मिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनवर काट.

रक्तदाबाचा पेच खरा होता. गुठळी विरघळवणारं औषध दिलेलं नसेल तर पहिल्या दिवसात २२०/१२० ओलांडेपर्यंत दाबाला हात लावत नाहीत, कारण डागाभोवतीचा अर्धपोटी मेंदू त्या दाबावरच जगतो. पण ३८ टक्क्यांचं हृदय २०० च्या दाबाविरुद्ध किती काळ ढकलणार? मधला मार्ग काढला : २४ तासांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायचा नाही, म्हणजे १६७ च्या खाली नाही. ॲम्लोडिपिन तूर्त बंद. फुफ्फुसात पाणी नव्हतं म्हणून ॲड्रीनॅलिनचा असर अडवणारं मेटोप्रोलॉल १२.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कारण मूळ कारण दाब नसून त्यामागचा पूर आहे. लागलंच तर लॅबेटालॉल १० मिलिग्रॅम शिरेतून, दोन मिनिटांत सावकाश. जिभेखाली निफेडिपिन फोडायची जुनी सवय अनेक ठिकाणी अजून गेलेली नाही. तिने दाब दरडीसारखा कोसळतो आणि डाग वाढतो. दाब एकदम पडला तर डोब्युटामिन किंवा ॲड्रीनॅलिन चालू करू नये, हेही कागदावर ठळक लिहिलं. ज्या विषाने हृदय बसलं त्याचाच आणखी डोस तो ठरतो, आणि बुंधा जोरात आकसत असल्यास रक्ताची बाहेर पडायची वाटच अडते.

दुसऱ्या सकाळचा ईसीजी पाहून सगळ्यांची झोप उडाली. व्ही-२ ते व्ही-६ आणि बाजूच्या लीड्समध्ये खोल उलटे टी, क्यूटी ४६० मिलिसेकंद, नाडी ८८. क्यूटीचं गणित इथे सांगायलाच हवं, कारण त्यात सर्रास घोळ होतो. क्यूटी नाडीच्या वेगानुसार बदलतो, म्हणून तो सूत्राने दुरुस्त करून वाचतात. ईसीजीचं यंत्र सहसा बॅझेटचं सूत्र वापरतं आणि वेगवान नाडीत ते आकडा फुगवून सांगतं. आदल्या दिवशी नाडी १०८, क्यूटी ३६० होता. बॅझेटने ४८३ येतो, फ्रिडरिशियाने ४३८. पहिला आकडा घाबरवणारा, दुसरा निवांत. दुसऱ्या सकाळी बॅझेट ५५७, फ्रिडरिशिया ५२३. दोन्ही ५०० च्या वर, म्हणजे इथे सूत्राची सबब चालणार नाही. टॉर्साद, म्हणजे पिळदार लयीचा जीवघेणा अतिवेग, केव्हाही सुरू होऊ शकतो. उलटीवर दिलेलं ओंडान्सेट्रॉन क्यूटी लांबवतं, लिहिलेलं लेव्होफ्लॉक्सासिनही लांबवतं, ३.२ पोटॅशियम त्यात भर घालतं. मेंदूने पेटवलेल्या शेकोटीत आपणच काड्या टाकत होतो. पोटॅशियम क्लोराइड २० मिलिइक्विव्हॅलंट ५०० मिलिलिटर सलाइनमधून दोन तासांत, मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, आणि पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम २ च्या वर राहील असं लक्ष्य. मेटोप्रोलॉलने नाडी ६० च्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण संथ नाडीत लांब क्यूटी अधिक घातक. ७२ तास पडदा चालू. तिसऱ्या दिवशी दुरुस्त क्यूटी ४६५ वर आला.

दुसऱ्या रात्री पावणेबाराला दाब २१४/११२, नाडी १२०, अंगाला घाम. लॅबेटालॉलची सिरिंज भरली गेली. त्याआधी ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीखाली घट्ट गोळा. नळी घातली, ६५० मिलिलिटर लघवी निघाली, वीस मिनिटांत दाब १७८. बाईंना तुंबल्याचं जाणवलं नव्हतं, पण मज्जारज्जूला जाणवलं होतं. वरचा लगाम ढिला असला की खालची प्रतिक्षिप्त क्रिया बेलगाम धावते. हाच हिशेब बद्धकोष्ठाला, दुमडून राहिलेल्या डाव्या खांद्याला, सुरकुतलेल्या चादरीला आणि कोरड्या घशात वारंवार घातलेल्या सक्शनच्या नळीला लागू. औषधाच्या आधी ही यादी हाताने तपासायची. दाब मोजायचा तो उजव्या, धडधाकट हातावर.

नातेवाइकांचाही आकड्यांवर परिणाम होत होता. गणपतीसाठी आलेले पाहुणे ओळीने भेटायला येत आणि प्रत्येकजण "मावशी, मला ओळखलंत का? सांगा बघू कोण?" असं विचारी. डाव्या बाजूचं भान हरपलेल्या रुग्णासाठी ही परीक्षाच. पडद्यावर प्रत्येक भेटीत नाडी १२ ते १५ ने चढायची. मनात वजाबाकी करायला लावून अनुकंपी प्रतिसाद मोजायची प्रयोगशाळेतली जुनी पद्धत आहे. इथे ती दिवसातून वीसदा फुकट चालू होती. मुलाला पडदा दाखवल्यावर त्याने दारावर चिठ्ठी लावली : एका वेळी एकजण, उजव्या बाजूला बसा, प्रश्न विचारू नका. सुनेने आणखी एक गोष्ट टिपली. डावा तळवा उजव्यापेक्षा गार आणि ओला असतो. अर्धांग पडलेल्या बाजूला जास्त घाम येणं ही कॉर्टेक्सचा आवर सुटल्याची ओळखीची खूण आहे. तो ताप उतरल्याचा घाम नव्हे.

तिसऱ्या रात्री २.१० ला पडद्यावर ११ मिनिटं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची (अलिंदांची) विस्कळीत लय, वेग १३४. मग जुना वाद पुन्हा उभा राहिला : याच लयीतून गुठळी गेली, की इन्सुला गेल्यामुळे ही लय आली? डावं अलिंद ३४ मिलिमीटर, म्हणजे फुगलेलं नाही, त्यामुळे दुसरी शक्यता जड. पण निर्णय त्यावर अडून राहिला नाही. रक्तदाब, पक्षाघात, अशक्त हृदय आणि स्त्री असणं मिळून धोक्याचे गुण ५ होतात, शिवाय फुगलेल्या टोकात गुठळी साचण्याची भीती वेगळीच. पाचव्या दिवशी सीटी पुन्हा केला, रक्त झिरपलेलं नव्हतं, म्हणून रक्त गोठू न देणारं ॲपिक्सॅबॅन ५ मिलिग्रॅम दोनदा सुरू आणि ॲस्पिरिन बंद. अशा औषधांना पूर्वी मध्यम पक्षाघातात सहा दिवस थांबत. २०२३ मध्ये आलेल्या एलान चाचणीने लवकर सुरुवात घातक नसल्याचं दाखवलं, त्यात मध्यम डागासाठी ४८ तासांची मुदत होती. इथे पाच दिवस घेतले ते क्लोपिडोग्रेलचा असर ओसरू देण्यासाठी.

सहाव्या दिवशी उभं करताना पूर ओसरल्याची दुसरी बाजू दिसली. आडवं असताना १४८/८२, तीन मिनिटं उभं राहिल्यावर १२२/७०, नाडी ७८ वरून जेमतेम ८६. पहिले दोन दिवस जी संस्था उतू जात होती ती आता हाक दिल्यावर उठत नव्हती. अर्धा दोष मेटोप्रोलॉलचा, अर्धा दाबमापकांचा निरोप नीट न पोहोचण्याचा. खाट ३० अंश, मग ६० अंश, प्रत्येक पायरीवर पाच मिनिटं, पोटाला पट्टा, उठण्याआधी पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळणं. फिजिओथेरपिस्टला सांगितलेली एकच अट : २० चा उतार दिसला की बसवायचं, चक्कर येते का हे विचारत बसायचं नाही. ती आली तरी बाई 'नाही'च म्हणतील.

बाराव्या दिवशी सीटीने हृदयाच्या धमन्या पाहिल्या. ५० टक्क्यांच्या वर अडथळा कुठेच नव्हता. चोविसाव्या दिवशी इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के, टोक नीट आकसत होतं. ताकोत्सुबोचे जुने निकष मेंदूतला रक्तस्राव आणि डोक्याची इजा झालेल्या रुग्णांना वगळत असत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी मेंदूचे आजार, पक्षाघातासह, कारणांच्या यादीत घेतले, त्यामुळे फाइलीवर आता एकच निदान आहे.

सहा आठवड्यांनी डाव्या हाताची पकड अर्धी परत आली होती, पानाची डावी बाजू आठवण करून दिल्यावर संपत होती. २४ तासांच्या नोंदीत एट्रियल फिब्रिलेशन पुन्हा दिसलं नाही, पण रात्रीचा दाब दिवसाएवढाच राहत होता, झोपेत तो दहा टक्के तरी उतरायला हवा. मेटोप्रोलॉल चालू ठेवलं, ॲम्लोडिपिन परत आलं, ॲपिक्सॅबॅनचा फेरविचार तीन महिन्यांच्या लांब नोंदीनंतर. दुरुस्त क्यूटी ४१८. फाइलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची चार नावं लिहून दिली आहेत : ओंडान्सेट्रॉन, लेव्होफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, हॅलोपेरिडॉल. यांतलं काहीही देण्याआधी ईसीजी, मग तो साध्या खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात का असेना.